मायनस बारा नंबर: आयसीएल घ्यावी की आयपीसीएल?

भाचीचा नंबर मायनस बारा. चष्मा काढला की दादरचा इंडिकेटर तिला नुसता लाल डाग दिसतो. एवढा नंबर उतरवायचा तर बुबुळाचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) फारच तासावा लागेल, म्हणून लेसर बाद. उरली डोळ्याच्या आत बसवायची लेन्स: आयसीएल, आयपीसीएल किंवा आर्टिसन. तिच्यासोबत फिरताना जे समजलं ते लिहिते.

आयसीएल स्टार सर्जिकल कंपनीची, कोलॅमर या मऊ पदार्थाची. ती बाहुलीच्या मागे, आपल्या मूळ भिंगाच्या पुढे बसते. सुमारे ३ मिमी छेदातून घडी करून आत जाते, टाके लागत नाहीत. पूर्वी डोळ्याच्या आतलं पाणी वाहतं राहावं म्हणून आधी परितारिकेत, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, लेसरनं भोक पाडावं लागे; ईव्हो प्रकारात लेन्सच्या मधोमधच ०.३६ मिमीचं छिद्र असतं.

आयपीसीएल गुजरातच्या केअर ग्रुपची, ॲक्रिलिकची. जागा तीच, छिद्रंही आहेत, किंमत मात्र बरीच कमी. आयसीएलच्या बाजूनं बोलतो तो अनुभव, नव्वदच्या दशकापासूनचा. पैशांची ओढाताण नसेल तर मी आयसीएल म्हणेन. पण कर्ज काढून नाही.

कारण खरी मेख मापात आहे. लेन्स मोठी पडली तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, लहान पडली तर मूळ भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारा: माप चुकलं तर बदलीचा खर्च कोणाचा? सिलिंडर नंबर असेल तर टॉरिकचा, म्हणजे तोही नंबर घालवणाऱ्या लेन्सचा, दर वेगळा विचारा.

तिसरी आर्टिसन, परितारिकेला चिमट्यासारखी अडकवायची. ती कडक असल्यानं छेद मोठा, टाके आले. डोळे चोळायची सवय असणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

नंबर वर्षभर स्थिर हवा आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिमी तरी हवी. भाची खूश होती, "मावशी, आता चष्मा कायमचा सुटला!" चाळिशीत वाचायचा लागेलच, हे मी तेव्हा बोलले नाही. पण एक बजावलं: नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो, मागचा पडदा फाटायची भीती तशीच. दरवर्षी रेटिना तपासायचीच.

मापाच्या आधी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद. तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, नंतर काही तास उजेड सोसवत नाही. सोबत कोणी न्या, गर्दीच्या वेळी एकट्यानं लोकल पकडू नका.