एडिसनला घर, मॅनहॅटनला ऑफिस: ओक ट्री रोडवरचे टॅक्सवाले

माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, नवऱ्याचं फिलाडेल्फियात आणि घर न्यू जर्सीतल्या एडिसनला. एका संसारात तीन राज्यांचं लचांड. यंदा ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या एका मराठी टॅक्सवाल्यांकडे गेलो.

माणसाला काम येतं. माझा डब्ल्यू-टू (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद) घेऊन त्यांनी थेट १६ नंबरच्या, राज्यांपुढचा पगार लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे न्यूयॉर्कपुढे पूर्ण पगार, न्यू जर्सीपुढेही जवळपास तेवढाच. "ताई, पगार दुप्पट झालेला नाही. न्यूयॉर्क फेडरलचाच, म्हणजे केंद्र सरकारला दाखवायचा पगाराचाच आकडा लिहायला लावतं." मग आधी न्यूयॉर्कचा आयटी-२०३, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांचा रिटर्न, तो पक्का झाल्यावर न्यू जर्सीचा रिटर्न आणि त्यात न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्यापोटी न्यू जर्सीच्या करात सूट. मी आधी वापरायचे ते सॉफ्टवेअर न्यू जर्सीचं पान आधी उघडून क्रेडिटच्या जागी शून्य दाखवायचं!

आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करते. ते न्यूयॉर्कमधून वगळा, असा माझा हट्ट होता. नाही म्हणाले. कंपनीची गरज म्हणून नव्हे, आपल्या सोयीने घरी बसलात तर न्यूयॉर्क तो दिवस स्वतःचाच धरतं. गोड बोलून दिवस कमी दाखवणारे इथे कमी नाहीत, म्हणून हा नकार मला आवडला.

पुण्यातल्या एफडीचं त्यांनी आपणहून विचारलं. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे दाखवावंच लागतं. न्यूयॉर्क त्या व्याजावर थेट कर घेत नाही, पण कराचा दर काढताना ते धरतं. न्यू जर्सी मात्र कर घेते. एनआरओ खात्यावर (भारतातली कमाई ठेवायचं खातं) भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट फेडरलला मिळतं, न्यू जर्सी दमडी देत नाही.

नवऱ्याचं प्रकरण निराळं. न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनियाचा करार असल्यामुळे त्याच्या पगारावर पेन्सिल्वेनियाचा कर लागतच नाही, तरी कंपनीने वर्षभर कापला होता. तो परत मागायला पीए-४० हा पेन्सिल्वेनियाचा रिटर्न भरला आणि पुढे कापू नये म्हणून रेव्ह-४१९ फॉर्म कंपनीत द्यायला हातात ठेवला. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा शहराचा कर, काही सुटत नाही, पण त्याचं क्रेडिट न्यू जर्सीत मिळतं.

फी राज्यागणिक. पेन्सिल्वेनियाचा रिटर्न नुसता पैसे परत मागायचा, त्यालाही पूर्ण फी. कुरकुर केली तर हसून चहा मागवला, फी काही कमी केली नाही.

दुसरं म्हणजे कागद व्हॉट्सॲपवर मागतात. सोशल सिक्युरिटी नंबर असलेला कागद असा पाठवायला मी साफ नकार दिला आणि प्रिंट घेऊन गेले. तुम्हीही तेच करा, आणि फेब्रुवारीतच जा. मार्च लागला की फोन उचलत नाहीत.