रोजची नोंद: वहीत की फोनवर?

भाच्याचं लग्न होऊन तीन महिने झाले. नुकताच बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला लागलाय. परवा रविवारी बायकोला घेऊन जेवायला आला आणि निघताना चप्पल घालता घालता विचारलं, "मामा, तुम्ही रोज लिहिता म्हणं. मलाबी सुरू करायचंय. वही घेऊ की फोनवरच लिहू?" दारात उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. याच विचारात आणखी कुणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मी दोन्ही करून पाहिलंय. सहा वर्षं फोनवर लिहिलं, आता चार वर्षं वहीत लिहितोय. फोन कायम खिशात असतो, वही घरी राहते, वगैरे गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्या सोडून देतो. काम, देव आणि संसार या तीन गोष्टींबद्दल माणूस रोज दोन ओळी लिहायला बसतो तेव्हा काय होतं, तेवढंच सांगतो.

कामाच्या नोंदींना फोन सरस, हे आधीच मान्य करतो. एकदा आमच्याकडं एका कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं. फाउंड्रीतून आलेला जॉब वरून साफ दिसायचा, रफ कटही व्यवस्थित व्हायचा, आणि शेवटच्या फिनिश कटला ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेली पोकळी, उघडा पडायचा. म्हणजे आमची सगळी मेहनत घालवून मग तो जॉब भंगारात. माल देणारे म्हणायचे, तुमच्या सेटिंगचा दोष. मी फोनवर 'ब्लोहोल' शब्द शोधला तर दोन महिन्यांतल्या अकरा नोंदी एका मिनिटात समोर आल्या, त्यातल्या आठ एकाच पॅटर्नच्या. काही नोंदींना फोटोही जोडलेले होते. साहेबांनी ते बघितल्यावर वाद मिटला. वहीतून हे शोधायला माझा अख्खा रविवार गेला असता.

यावर वहीत एक उपाय आहे, आणि तो माझा नव्हे. वडील शहापुरात एका कापड दुकानात दिवाणजी होते. रोजचा व्यवहार तारीखवार कीर्दीत उतरायचा, आणि मग कीर्दीतली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत जायची. कुणाची किती बाकी हे विचारलं की कीर्द चाळावी लागत नसे, खतावणीतलं एक पान उघडलं की झालं. मी वहीची शेवटची दहा पानं अशीच राखून ठेवतो. वर मथळे घालतो, 'काम', 'घर', 'देव', 'आई', 'शेत', आणि दर रविवारी अर्धा तास बसून त्या आठवड्यातले पानांचे आकडे त्या त्या मथळ्याखाली मांडतो. फोनच्या शोधाइतकं झटपट होत नाही. पण त्या निमित्तानं गेला आठवडा एकदा डोळ्याखालून जातो, आणि माझा अनुभव असा की निम्म्या गोष्टी तेव्हाच ध्यानात येतात.

टिकण्याच्या बाबतीत मला दोघांतही खात्री देता येत नाही. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जूनपासून कपाटातली कापडं दमट होतात, तिथं कागदाचं काय. माझी पहिली वही जेल पेननं लिहिलेली होती, खिडकीतून झड आली आणि चौदा पानांवर निळे डाग पसरले. तेव्हापासून साधा बॉलपेन, शिलाईची बांधणी असलेली दोनशे पानी वही (नुसती गमानं चिकटवलेली दुसऱ्या पावसाळ्यात सुटते), आणि पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. एवढ्यावर चार वर्षांच्या वह्या सुखरूप आहेत.

फोनचं म्हणाल तर युनिकोड या सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत लिहिलेलं मराठी आज जवळपास कुठल्याही यंत्रावर उघडतं, ती भीती आता उरलेली नाही. पण त्याआधी मी ऑफिसच्या संगणकावर जुन्या फाँटात दोनेक वर्षं काहीबाही टंकून ठेवलं होतं. संगणक बदलला आणि त्या फायली उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. तेव्हा फोनवर लिहिणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी सगळं छापून घ्यावं, असं मी सुचवीन.

अर्थात कागद राहिला म्हणजे वाचता येतोच असंही नाही. आमच्या घरात आजोबांची एक वही आहे, मोडीत लिहिलेली. आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हाची. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, त्याच्या आगेमागे शाळांतून मोडीही गेली, आणि वडिलांनाही ती धड वाचता येत नसे. शेवटी एका जाणकारांना दाखवली. बहुतेक पानांवर भाताच्या पायल्या आणि मण होते, खंडाचे हिशेब होते. एका पानावर मात्र त्यांनी वाचून दाखवलं, "एकादशी. पाऊस लागून राहिला. बैल चारा खाईना." एवढंच. मला ते ऐकून फार बरं वाटलं. म्हातारा दिवसभराचं काम, देव आणि काळजी एकाच ओळीत लिहून गेला होता.

देवाच्या बाबतीत मला स्वतःचीच एक गोष्ट खटकली. आमचं घर माळकरी. एकादशी, गावातला पारायणाचा सप्ताह, मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या गाड्या, हे सगळं आयुष्यात आहेच. फोनवरच्या नोंदी एकदा सलग वाचल्या तेव्हा दिसलं की 'देव' म्हणून मी जे जपलं होतं त्यातलं बरंचसं दुसऱ्यांचं होतं. कुणी पाठवलेला सुविचार, कुणी पाठवलेला विठ्ठलाचा फोटो, दोन ओळींचा संदेश. बोट दाबून धरलं की उचलता येतं आणि इकडं आणून ठेवता येतं, म्हणून ठेवत गेलो. माझा मुलगा तापानं फणफणला होता त्या रात्री मी कपिलेश्वराला जाऊन काय मागितलं, याचा त्यात शब्द नव्हता. वहीत दुसऱ्याचं सहज चिकटवता येत नाही. लिहायचं तर हातानं लिहावं लागतं, आणि हातानं लिहायचं म्हटलं की माणूस आपलंच लिहितो. आता देवाबद्दलच्या नोंदी कमी आहेत, महिन्यात चार-पाच. त्या माझ्या आहेत.

तरीही एवढ्यानं मी फोन सोडला नसता. सोडला तो भाषेमुळं.

आपल्याकडचं मराठी कसं आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो: "येणार होतो, खरं पाऊस आला." 'उभं राहून'ला 'उभारून' म्हणतो. आमच्या बायका 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारचे काका जिन्यात भेटले की कन्नडमधून "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारतात आणि मी मराठीतून उत्तर देतो. हे सगळं एका दिवसात घडतं, आणि लिहायचं तर तसंच लिहायला हवं. फोनमधल्या कीबोर्डला हे चालत नाही. 'उभारून' लिहिलं की तो 'उभारणी' सुचवतो. 'खरं'च्या पुढं स्वल्पविराम न देता वाक्य चालू ठेवलं की त्याचे पुढचे अंदाज चुकत जातात. कन्नड शब्द आला की कीबोर्डच बदलायचा. दिवसभर पायावर उभा राहिलेला माणूस रात्री साडेदहाला एवढं भांडत नाही. तो जे सुचवतो ते घेतो आणि पुढं जातो. मीही तेच करत गेलो.

आई जायच्या आधीचा आठवडा. दवाखान्यात मी आणि बहीण आळीपाळीनं बसत होतो. एका रात्री मी जेवलो नव्हतो, आणि ते आईच्या लक्षात आलं. ती मला काहीतरी म्हणाली, आणि तिच्या त्या बोलण्यावर आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो. बाहेर बाकावर येऊन मी फोन काढला. टंकायची ताकद नव्हती म्हणून बोलून लिहिलं, आणि परत न वाचता फोन खिशात टाकला. वर्षश्राद्धाच्या वेळी ती नोंद उघडली. त्यात होतं, "तू जेवून ये, मी काय पळून चालले आहे."

आई जन्मात कधी 'चालले आहे' म्हणाली नाही. तिचं वाक्य मला आठवतं ते असं, "तू जेवून ये की, मी काय पळून जातो व्हय?" बहिणीला आईनं दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं होतं, तर ती म्हणते, 'पळून चाललोय व्हय' असं होतं. आम्ही दोघं त्यावर पुष्कळ बोललो. नक्की कुणालाच सांगता येत नाही. नोंद होती म्हणून मी निर्धास्त होतो, आणि नोंदीत आईचा आवाज काढून टाकलेला होता.

लोक म्हणतील, त्या सुधारणा बंद करता येतात. येतात, मलाही ठाऊक आहे. शब्दकोशात आपले शब्द भरताही येतात. ज्याला तेवढा धीर आहे त्यानं जरूर करावं, त्याची अडचण बरीच कमी होईल. मला मात्र त्या दिवसापासून फोनवर घरातलं कुणाचं वाक्य लिहिताना हात आखडायला लागला. पाट्यांवर, फॉर्मवर, कचेरीतल्या कागदावर आपली भाषा जपून, विचारून वापरायची सवय इथल्या मराठी माणसाला असतेच. रात्री स्वतःपुरतं लिहितानाही कुणीतरी 'असं नव्हे, असं' म्हणून खांद्यावरून सांगत राहावं, हे मला सोसेना.

मधला मार्गही काढून पाहिला. काम फोनवर, घर आणि देव वहीत. चार महिने चाललं. मग एक दिवस दोन्हीकडची एकाच तारखेची नोंद वाचली. फोनवर होतं की सहा जॉब रिजेक्ट झाले, साहेब सगळ्यांसमोर बोलले. वहीत होतं की जेवताना हिच्यावर विनाकारण ओरडलो, का ते कळत नाही. दोन्ही माझ्याच हातचं, आणि कारण एकीकडं, परिणाम दुसरीकडं. तेव्हापासून सगळं एकाच जागी. फोटो लागला तर फोनमध्ये काढून ठेवतो आणि वहीत त्याची तारीख लिहितो.

भाच्याला तर नवीन संसार आहे, म्हणून त्या बाजूनं थोडं सांगतो. फोनला कुलूप असतं, वही उघडी पडते, म्हणून खाजगी गोष्टींना फोन बरा असं वाटतं. मलाही वाटायचं. पण रात्री अंधारात तोंडावर उजेड घेऊन बोटं चालवत बसलेला नवरा शेजारी पडलेल्या बायकोला कसा दिसत असेल? ही दोन-तीनदा म्हणाली, "कुणासंगं बोलायलाय एवढं?" मी म्हटलं, लिहितोय. तिनं मान वळवली. खोटं बोलत नव्हतो, पण दाखवतही नव्हतो. वही आल्यावर तो प्रश्न तिनं विचारला नाही. जेवणं झाली की स्वयंपाकघराच्या दिव्याखाली बसतो, ती भांडी आवरते, दहा मिनिटांत पान होतं. करंट गेला तर मेणबत्ती. वही टेबलावरच असते. तुला वाचावंसं वाटलं तर वाच, हेही मी तिला सांगून ठेवलंय.

लपवावं असं ज्याच्याकडं खरोखर काही आहे, किंवा ज्याच्या घरात वही सुरक्षित नाही, त्यानं फोनच घ्यावा. सतत फिरतीवर असणाऱ्यानंही. कामाचा हिशेब हाच ज्याचा मुख्य हेतू आहे त्याला मी वही घे असा आग्रह करणार नाही. बाकीच्यांनी निदान एक वही भरून बघावी. रोज एक पान धरलं तर दोनशे पानांना साधारण सात महिने लागतात. तारखा छापलेली डायरी शक्यतो नको. चार दिवस चुकले की कोरी पानं दिसत राहतात आणि माणूस लिहायचंच सोडतो.

मागच्या श्रावणात मी एका पानावर लिहिलं होतं, "घरी आलो तर ही गप्प. जेवतानाही बोलली नाही. कालच्या बोलण्याचा राग अजून आहे." दोन महिन्यांनी काहीतरी शोधताना ते पान उघडलं. समासात, माझ्या अक्षरांच्या शेजारी, पेन्सिलीनं तिच्या हातचं लिहिलेलं होतं, "त्या दिवशी मी रागावलो नव्हतो. दिवसभर उभारून पाय दुखत होते."

रविवारी खतावणीत 'घर' खाली त्या पानाचा आकडा मी आणखी एकदा मांडला.