कर्वे रस्त्यालगतचे वंध्यत्व उपचार केंद्र : एक अनुभव

कर्वे रस्त्यालगतच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी व माझे पती गेल्या वर्षापासून उपचार घेत आहोत. उपचार अजून चालू असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. मात्र पुण्यात असे केंद्र शोधणाऱ्यांना काय पारखून घ्यावे, हे यावरून कळावे.

किती महिन्यांत यश येईल, असे आम्ही पहिल्याच भेटीत विचारले. डॉक्टरांनी मुदत दिली नाही. ती कशाकशावर ठरते ते सांगितले. सर्वांत मोठा घटक स्त्रीचे वय. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने घटतात, म्हणून त्याआधी वर्षभर प्रयत्न करून तपासणीला आले तरी चालते, त्यानंतर मात्र सहा महिन्यांतच यावे. माझा एएमएच (रक्तात मोजले जाणारे एक संप्रेरक) कमी आला, तेव्हा या तपासणीतून बीजांचा साठा कळतो, गुणवत्ता नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

मला सर्वाधिक पटलेली गोष्ट म्हणजे पतीची वीर्यतपासणी माझ्या तपासण्यांबरोबरच झाली. आधीच्या दवाखान्यात माझ्याच गोळ्या बदलत राहिल्या आणि पतींना कोणी काही विचारलेही नाही. त्यात गेलेला काळ भरून येत नाही. येथे शुक्राणूंची हालचाल कमी असल्याचे निघाले. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने तंबाखू सोडल्याचा परिणाम अहवालात दिसायला तीन महिने तरी जातात. समुपदेशक ताईंनी फाइलच्या पाठीमागे महिन्यांची रेघ आखून पुढचा नमुना कधी द्यायचा तिथे खूण केली, आणि त्या खुणेमुळे आमचे वाट पाहणे पुष्कळ सुसह्य झाले.

थायरॉईड, पीसीओएस (संप्रेरकांशी निगडित अंडाशयाचा विकार), बंद बीजवाहक नळ्या यांचाही लागणाऱ्या वेळेवर परिणाम होतो. गर्भाशयाचा क्षय निघाल्यास त्याच्या औषधांनाच सहसा सहा महिने लागतात. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचारात, इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस, प्रयोगशाळेतील पाच दिवस आणि गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे साधारण दोन आठवडे सर्वांना दिसतात; गर्भ गोठवून ठेवावे लागले, तर पुढच्या पाळीपर्यंतचा काळ त्यात वाढतो, हे पुष्कळ जणांना आधी माहीत नसते.

उणिवाही आहेत. पॅकेजमध्ये इंजेक्शने धरलेली नाहीत, हे आम्हाला विचारल्यावरच कळले. खर्चाचा अंदाज लेखी मागून घ्यावा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. येथे प्रमाणपत्र स्वागतकक्षातच लावलेले आहे. शनिवारी सोनोग्राफीला फार गर्दी असते, तेव्हा हिंजवडीकडे नोकरीला जाणाऱ्यांनी इतर दिवशी सकाळची पहिली वेळ मागावी. आम्हाला ती विनातक्रार मिळाली.