ॲप आणि सर्व्हरवर नजर ठेवायला क्लाउडवॉच की प्रोमिथियस?

ॲप अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर असेल तर क्लाउडवॉच आयतं मिळतं. ईसी२ (ॲमेझॉनचा भाड्याचा) सर्व्हर सुरू केला की सीपीयू आणि नेटवर्कचे आकडे दर ५ मिनिटांनी येऊ लागतात. जादा पैसे मोजले तर दर मिनिटाला. पण मेमरी किती भरलीय हे ते आपणहून सांगत नाही, त्यासाठी सर्व्हरवर एजंट (आकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. मेमरी संपून ॲप कोसळतं तेव्हा ही उणीव फार बोचते. शिवाय लॉग (ॲपने लिहिलेल्या नोंदी) किती दिवस ठेवायचे ती मुदत ठरवली नाही तर ते कायमचे साठत राहतात आणि बिल फुगतं. मुदत पहिल्याच दिवशी घाला.

प्रोमिथियस मोफत आहे. ॲप आपले आकडे एका पत्त्यावर मांडतं, प्रोमिथियस ठरावीक वेळाने येऊन ते उचलतो. ‘गेल्या ५ मिनिटांत पेमेंटच्या किती टक्के रिक्वेस्ट फसल्या?’ हे एका ओळीत विचारता येतं. आलेखांसाठी ग्राफाना हे वेगळं साधन. मात्र सेटिंग बदललं नाही तर डेटा १५ दिवसच टिकतो, लॉगची सोय वेगळी करावी लागते आणि सगळा सांभाळ आपल्याच गळ्यात.

छोट्या टीमने क्लाउडवॉचच घ्यावं. कुबरनेटिस (ॲप अनेक सर्व्हरवर मिळून चालवणारी प्रणाली) असेल तर मी डोळे झाकून प्रोमिथियस निवडेन. फक्त त्याच क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या गटात) तो ठेवलात, तर बाहेरून एक तपासणी लावाच. क्लस्टर बसला की अलर्ट देणाराही बसतो.