जुनी बॉक्स्टर की जुनी झेड-फोर? दोन्ही चालवून झालेलं माझं मत

दोन सीट, उघडणारं छत, सहा सिलिंडर आणि सेकंड हँड, एवढं ठरलं की बहुतेक जण या दोघींपाशी येऊन अडकतात. पोर्शे बॉक्स्टर ९८१ (२०१२ ते २०१६) आणि बीएमडब्ल्यू झेड-फोर ई८९, त्यातही ३५आय हे मॉडेल (९८१ आणि ई८९ ही त्या-त्या पिढीची कंपनीतली नावं). मीही बरेच दिवस अडकलो होतो, दोन्ही गाड्या शहरात आणि ताम्हिणी घाटात मनसोक्त चालवल्या आणि मगच पैसे दिले.

शहरापुरतं बोलायचं तर झेड-फोर जास्त सोपी आहे. टर्बो इंजिन, ४०० एनएम टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, १३०० आरपीएमपासूनच हाताशी, त्यामुळे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये नुसता पाय टेकवला की गाडी निघते. बॉक्स्टरचं २.७ इंजिन खाली थोडं आळशी वाटतं, पण ४५०० च्या वर न्या आणि मग बघा, ७००० च्या पुढे जो आवाज पाठीमागून येतो ना, तो मला तरी दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळाला नाही. आणि २०१६ नंतर साध्या बॉक्स्टरला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, म्हणून ९८१ लाच धरून बसलो. घाटात झेड-फोरमध्ये तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता आणि पुढे ते लांबलचक बॉनेट, यू-टर्नसारख्या वळणावर नाक वळायची किंचित वाट बघावी लागते. बॉक्स्टरचं इंजिन मधे, स्टिअरिंग वळवलं की गाडी वळलीच. अर्थात हे माझ्या हाताला जाणवलं ते, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

पण माझा निर्णय इंजिनावर झालाच नाही, झाला तो डिकीवर.

झेड-फोरचं छत अॅल्युमिनियमचं, घडी होऊन डिकीत जातं. बंद असताना डिकी ३१० लिटर, उघडलं की १८०. त्यात डिकीमधलं पार्टिशन खाली ओढून लावलेलं नसेल तर छत उघडतच नाही. म्हणजे महाबळेश्वरला दोन बॅगा घेऊन निघालो, पसरणी घाट सुरू झाला, हवा मस्त, आता छत उघडू म्हटलं की आधी गाडी बाजूला घ्या, डिकी उघडा, एक बॅग बाहेर काढून बायकोच्या पायाशी द्या, पार्टिशन लावा आणि मग कुठे वीसेक सेकंदांनी आभाळ दिसतं, आणि पावसाचे थेंब आले की बॅग परत मागे. ज्या कामासाठी ही गाडी घ्यायची तेच काम करताना ती दरवेळी सामानाचा हिशोब मागते, मला ते फार खटकलं. बॉक्स्टरचं छत कापडी, साधारण ९ सेकंदांत आणि ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत उघडतं, पुढे १५० आणि मागे १३० लिटरच्या डिक्या, छताचा दोन्हीशी संबंध नाही.

तरी गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर मी झेड-फोरच सांगेन. कापडावर मांजरं बसतात, हिल स्टेशनला माकडं, जीव वर-खाली होतो. एक्सप्रेसवेवर छत लावून झेड-फोर जास्त शांतही आहे, आणि बॉक्स्टरला पैसेही सहसा जास्त मोजावे लागतात.

जुन्या ३५आयमध्ये हाय प्रेशर फ्युएल पंप बदलल्याचं बिल मागाच, अमेरिकेत २०१० मध्ये त्यावर रिकॉल झालं होतं. बॉक्स्टरच्या आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या एका शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं की इंजिनच जातं) जी भीती लोक घालतात ती २००८ पर्यंतच्या इंजिनांची, ९८१ ला ती लागू नाही. दिल्ली पासिंगची स्वस्त दिसली तर इथला टॅक्स आणि एनओसीचा खर्च धरूनच भाव करा. आणि कापडी छताच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती पानांनी तुंबली की पाणी आत उतरतं, तेव्हा सीट पुढे सरकवून मागच्या कार्पेटला हात लावून बघा, ओलं लागलं तर ती गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल.