फायरफॉक्सचे उभे टॅब, नऊ महिन्यांनंतर

मार्च २०२५ मध्ये फायरफॉक्सची १३६वी आवृत्ती आली आणि टॅब वरच्या पट्टीतून काढून डाव्या बाजूला एकाखाली एक लावायची सोय ब्राउझरमध्येच मिळाली. त्याआधी हौस असेल तर ट्री स्टाइल टॅब हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची पूरक सोय, घ्यायचं, आणि वरची पट्टी तरीही हटत नाही म्हणून ब्राउझरचं रूप बदलणाऱ्या युजरक्रोमच्या सीएसएस फाइलमध्ये चार ओळी टाकायच्या. मीही एकदा कुणाच्या तरी ओळी न समजता चिकटवल्या होत्या. पुढे मांडणी विस्कटली तेव्हा ती नीट करणं मला कुठलं जमणार!

आता सेटिंग्जमध्ये एक खूण केली की काम होतं. सवय व्हायला मात्र दीड महिना लागला. डोळे दोन दिवसांत रुळले, हात रुळेना. नवा टॅब उघडायला माउस आपोआप वर धावायचा. यादीत एखादं नाव निवडायला जावं आणि उजव्या टोकाच्या फुलीवर क्लिक होऊन तो टॅबच बंद व्हावा, हे पहिल्या आठवड्यात इतक्यांदा झालं की कंट्रोल-शिफ्ट-टी बोटांत बसलं. (बंद झालेला टॅब त्याने परत येतो. बाकी काही नको, एवढं तरी पाठ करा.)

तरी टिकून राहिले ते कामामुळे. मी भाषांतर करते, आणि शासन निर्णय सतत उघडावे लागतात. जीआरच्या पीडीएफचं नाव म्हणजे लांबलचक संकेतांक, सुरुवातीला साल, मग महिना, मग तारीख. फायरफॉक्सचे आडवे टॅब ७६ पिक्सेलपेक्षा बारीक होत नाहीत, त्यापुढे पट्टी सरकवावी लागते. त्या ७६ पिक्सेलमध्ये दिसणार काय? नुसतं साल. एकाच वर्षाचे दहा जीआर उघडले की दहाही टॅब सारखे. उभ्या यादीत तारखेपर्यंतचे आकडे दिसतात आणि हवा तो जीआर पहिल्या फटक्यात सापडतो. मराठी बातम्यांचंही तेच, मथळ्याचे तीन-चार शब्द तरी वाचता येतात.

दुसरा फायदा उंचीचा. माझा लॅपटॉप जुना, १३६६ बाय ७६८चा. आडवी जागा मुबलक, उभीची मारामार. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमध्ये मोकळं अंतर लागतंच. वरची पट्टी गेल्यावर दीड-दोन ओळी जास्त दिसू लागल्या. ऐकायला किरकोळ वाटेल; दिवसभर वाचणाऱ्याला विचारा.

यादी आकसून नुसती चिन्हं ठेवायचीही सोय आहे. माझ्या ती कामाची नाही, कारण एकाच संकेतस्थळाचे सगळे टॅब एकच चिन्ह दाखवतात. यादी पूर्ण उघडी ठेवली तर अर्ध्या पडद्यावर ब्राउझर आणि अर्ध्यावर वर्ड अशी मांडणी कोंदटते. त्यावर मला धड उपाय सापडलेला नाही. भाषांतराच्या वेळी मी यादी मिटवते, संपलं की उघडते, आणि दर वेळी स्वतःशी पुटपुटते.

एप्रिल २०२५ मध्ये टॅबचे गट आले. एक टॅब ओढून दुसऱ्यावर सोडायचा, गटाला नाव आणि रंग द्यायचा. आडव्या पट्टीत गट केले असते की नाही शंकाच आहे, उभ्या यादीत ते वहीतल्या मथळ्यांसारखे दिसतात. प्रत्येक कामाचा एक गट. काम थांबलं की गट जपून बंद करते, ग्राहकाचा फोन आला की पुन्हा उघडते.

वादळ झालं ते घरात. शनिवारी लाइट बिल भरायला बाबा बसले आणि आतून हाक आली, "अगं, वरचं सगळं कुठं गेलं?" डावीकडे बघा म्हटलं तर म्हणाले, "डावीकडं यादी आहे. टॅब कुठंयत?" २०१४ मध्ये टॅबना गोल कडा आल्या, २०२१ मध्ये ते बटणांसारखे सुटे झाले, दोन्ही वेळा बाबांनी हूं की चूं केलं नव्हतं, कारण टॅब वरच होते. शेवटी त्यांच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलं, टॅब वर, बुकमार्कची पट्टी त्याखाली. आता अडचण एवढीच, की त्यांच्या प्रोफाइलमध्ये काही बघायला गेले तर माझा हात डावीकडे जातो.