क्लच प्लेट किट बसवला, पण आधी केबल बघा बरं का

जुन्या हँडगिअर स्कूटरसाठी हा कॉर्क प्लेटचा किट घेतला, सोबत स्प्रिंगा पण आल्या. चढावर रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी तिथंच, म्हणजे क्लच स्लिप. उलट लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच नीट सुटत नाहीये, बऱ्याचदा केबल ताणून सैल झालेली असते, ते अ‍ॅडजस्टरवर (केबल घट्ट-सैल करायचा स्क्रू) भागतं, आत गंजलेली असेल तर केबलच बदला, उगाच इंजिन उघडू नका. मी आधी केबलच बघितली, लिव्हरला दोनेक मिलिमीटर ढिलाई ठेवली, तरी स्लिप होतच राहिला म्हणून मग उघडलं.

जुना कॉर्क पार झिजलेला आणि करपलेला निघाला. नवीन प्लेटा रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवून बसवा, कोरड्या बसवल्या तर लगेच जळतात. स्प्रिंगा दाबून धरायला क्लच कंप्रेसर हवाच, मी नट-बोल्ट आणि वॉशर लावून जुगाड केला, दोनदा स्प्रिंग उडाली 😅

किटमधल्या प्लेटा चांगल्या आहेत, पकड मस्त. स्प्रिंगा मात्र जुन्यापेक्षा कडक, लिव्हर जड झालाय, ट्रॅफिकमध्ये हात भरून येतो. आणि क्लचचा नट सुटू नये म्हणून लागतो तो लॉक वॉशर दिलाच नाही यार! तो जुना परत वापरायचा नसतो, वेगळा आणावा लागला. पाचपैकी साडेतीन.